देविदासभाऊ वाकत नाहीत

आमच्या गल्लीत कुठल्याही बाईने अंगण झाडायला खराटा हातात घेतला, की देविदासभाऊ येऊन तिच्या फाटकाशी उभे राहतात. तिच्याकडे पाठ, तोंड रस्त्याकडे, हातात वेळूची काठी. ती झाडते तोवर हे उभे. तिने कंबर सरळ केली की हे चालू लागतात. मागे वळून पाहणं नाही, बोलणं नाही. एका नव्या भाडेकरणीने तर पहिल्याच दिवशी त्यांच्यावर खराटा उगारला होता. मी माझ्या चक्कीतून पिठाच्या हातानेच बाहेर आले.

"अवो बाई, पाठ करून उभे हायेत ना ते. वाईट नजरेचा माणूस कधी पाठ करून उभा राह्यते का?"

तिला ते पटलं. तरी आठवडाभर तिने अंगण झाडलं नाही.

स्वतः देविदासभाऊ घराबाहेर वाकत नाहीत. घरात वाकतात, चूल फुंकावी तसे स्टोव्हवर ओणवे होतात, पण उंबरठा ओलांडला की कणा ताठ. चपला दाराआडच्या स्टुलावर असतात, त्या आत बसून घालायच्या आणि मग बाहेर पडायचं. रस्त्यात हातातून काही पडलं तर उचलायला खांद्याला लांब चिमटा अडकवलेला. तो आमच्या गल्लीतल्या शकीलभाई वेल्डिंगवाल्यांनी बनवून दिला. भाजीवाला जमिनीवर पोतं पसरून बसला असेल, तर भाऊ काठीने वांगी दाखवतात. भाजीवाला वैतागून म्हणतो, "हातानं पाहा ना भाऊ, कीड हाय का नाई ते." भाऊंचं उत्तर ठरलेलं: "किडीचं काय घेऊन बसला. वाकला का गेला."

'वाकला का गेला' हे त्यांचं वाक्य. दुसरं, 'पाठ उघडी हाय तुमची.' हे ते कोणालाही म्हणतात. पोस्टमनला, दूधवाल्याला, एकदा प्रचाराला आलेल्या उमेदवारालाही म्हणाले. उमेदवार नमस्कार करायला वाकला होता.

कारण सगळ्या गल्लीला माहीत आहे, तेव्हा तुम्हालाही सांगून टाकते. देविदासभाऊ मोहर्लीच्या बाजूच्या खेड्यातले. त्यांची बायको मोहफुलं वेचताना वाघाने नेली. ती वाकलेली होती. वाकलेला माणूस वाघाला चार पायांचं जनावर दिसतो, हे आमच्या जिल्ह्यात पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. त्यानंतर त्यांची मुलगी संगीता त्यांना चंद्रपूरला घेऊन आली. ती दवाखान्यात नर्स आहे. शहरात वाघ नाही, बाप सुधारेल, असं तिला वाटलं होतं. बाप सुधारला नाही. गल्लीलाच त्यांची सवय झाली.

मागच्या मे महिन्यात सीमेवर युद्ध पेटलं, तेव्हा चंद्रपूरला एक वेगळाच मान मिळाला. जो तो सांगू लागला की पहिला बॉम्ब आपल्यावरच पडणार. वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून इतक्या जवळ दिसतात की वाळत घातलेलं लुगडं त्यांना अडकेल असं वाटतं. शिवाय कोळसा, सिमेंट, तिकडे दारूगोळ्याचा कारखाना. चिमूरहून नणंदेचा फोन आला. "वैनी, तुम्ही तं पहिल्या नंबरवर हाय म्हणते." आवाजात काळजी होती आणि थोडा हेवाही. एटापल्लीचा माझा भाऊ म्हणाला, "ताई, इकडं निघून ये. आमच्याइथी तहसीलदाराच्या गाडीले रस्ता भेटत नाई, दुश्मनाच्या विमानाले काय भेटन."

दिवसा या गोष्टींवर आम्ही हसत होतो. दिवे मालवायचा हुकूम आला आणि पहिल्याच संध्याकाळी सगळी गल्ली काळी झाली, तेव्हा हसू आटलं. माझा नवरा कोळशाच्या ट्रकवर असतो, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. चक्की मी चालवते. मी सहसा घाबरत नाही. पण त्या आठवड्यात गव्हाचं पोतं उचलताना आपली पाठ उघडी आहे असं मलाही वाटू लागलं होतं, हे खरं.

देविदासभाऊंनी मात्र धोक्याचा अंदाज घेण्याचं काम आपल्याकडे घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी काठी घेऊन ते घरोघर फिरले, प्रत्येक घर समोरून आणि मागून पाहिलं आणि निकाल दिला. त्यांचा हिशेब सगळा जंगलाचा. "वाघ कुठी येते? जिथी पाणी, तिथी. विमान कुठी येईन? जिथी धूर. मंग धुराच्या कोण जवळ हाय ते पाहा." या हिशेबाने शकीलभाईंचं दुकान सर्वांत वाईट जागी निघालं. तिथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात.

"म्हणजे माझ्यावरच टाकणार काय चाचा?" शकीलभाई म्हणाले.

"टाकन असं नाई म्हटलं. तुमच्याकडं आधी पाह्यन."

"पाहू द्या ना. उधारी कोणाकोणाकडं हाय ते पण दिसन त्याला."

माझ्या चक्कीचा निकाल वेगळा होता. "जागा बरी हाय बाई. पण पट्टा सुरू असला का तुम्हाले भोंगा ऐकू येणार नाई. मी शटरवर काठी मारीन." यात मला काही वेडेपणा दिसला नाही. उलट हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं वाटलं.

वेडेपणा पुढे होता. आमच्याकडे जंगलात जाणारे लोक कधीकधी डोक्याच्या मागे मुखवटा बांधतात. वाघ मागून येतो, त्याला डोळे दिसले की तो बिचकतो. देविदासभाऊंनी हा उपाय विमानाला लावला. विमान वरून येतं, म्हणजे घराची पाठ म्हणजे गच्ची. त्यांनी लांब दांड्याच्या ब्रशने, न वाकता, स्वतःच्या गच्चीवर चुन्याचे दोन मोठे डोळे काढले. मग बाकीच्यांना विचारत फिरू लागले.

मी म्हटलं, "भाऊ, विमानात बसलेला शिकलेला माणूस हाय. गच्चीवरचे डोळे पाहून भिईन का तो?"

"भिणार नाई बाई. पण विचार करीन. थो विचार कराले थांबला का आपल्याले टाईम भेटते."

मी नाही म्हटलं. माझी गच्ची पापड वाळवायला आहे.

पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. आमच्याकडे दुपारी उघड्या खाणीत सुरुंग उडतात. भांडी थरथरतात, खिडकी खुळखुळते, आणि आम्ही कुकर लावायची वेळ झाली असं समजतो. इतकी वर्षं झाली, त्या आवाजाने कोणी दचकत नाही. त्या दिवशी वेळ टळून गेली तरी सुरुंग उडाला नाही. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेक बाई ओसरीवर आली. शकीलभाईंनी मशीन बंद केलं. मीही चक्की थांबवली. आवाज नसलेली अशी गल्ली मी कधी ऐकली नव्हती. कावळाही बोलत नव्हता, किंवा तसं वाटलं.

देविदासभाऊ मधोमध उभे होते. हळू म्हणाले, "जंगल असंच गप होते. रोजचा आवाज बंद झाला, म्हणजे थो जवळ हाय."

नव्या भाडेकरणीने पोराला उचललं आणि आत जाऊन कडी लावली. तासाभराने कळलं, खाणीला सुट्टी होती.

संध्याकाळी मी चुन्याचा डबा भाऊंकडे पाठवला. माझ्या गच्चीवरचे डोळे थोडे तिरळे आले.

मग हवाई हल्ल्याचा सराव जाहीर झाला. मी बचत गटाची अध्यक्ष, म्हणून आमच्या गल्लीची जबाबदारी माझ्याकडे. शिकवणारा एक तरुण साहेब आला. भोंगा खालीवर वाजला की बाहेर असाल तिथे पालथं झोपायचं. कोपरं जमिनीवर, छाती थोडी उचललेली, कानात बोटं, दातात रुमाल. भोंगा सरळ एका सुरात वाजला की उठायचं. गल्लीच्या तोंडाशी मोकळा प्लॉट आहे, तिथे साहेबाने सगळ्यांना झोपवून दाखवलं. शकीलभाई पोट सांभाळत झोपले. साठीच्या बाया झोपल्या. देविदासभाऊ उभे.

"आजोबा, खाली."

"मी पाहून राह्यलो. तुम्ही सांगा त्याहीले."

"उभा माणूस आधी मरतो, आजोबा. तुकडे उडतात ते वरून जातात."

"वाकलेला आधी मरते," देविदासभाऊ शांतपणे म्हणाले.

साहेब माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, तुम्ही जा, हे मी बघते.

त्याच दिवशी संगीता ड्यूटीवर जाताना चक्कीत आली. दळण नव्हतं. उभ्यानेच बोलली. "मावशी, हे लोकं हसून राह्यले, मले नाई हसू येत. खरंच काही झालं तं मी दवाखान्यातच असन, तिथून सोडणार नाईत. बाबा एकटे असतीन. अन् ते मधात उभे राह्यतीन. माही आई वाकून गेली. बाबा उभे राहून जातीन. तुम्ही त्याहीले झोपवा, कसंबी करून."

मी हो म्हटलं. दळणाला हो म्हणावं तसं म्हणून टाकलं.

माझ्या परीने मी सगळं केलं. त्यांना खाटेवर झोपवून पाहिलं. घरात झोपले, खाट अंगणात ओढली की उठून बसले. शकीलभाई म्हणाले, "चाचा, लोखंडाचा पिंजरा बनवून देतो, त्यात झोपा." भाऊंनी खरंच माप विचारलं, पण पिंजऱ्यात वाकून शिरावं लागेल म्हटल्यावर बेत मोडला. शेवटी मी स्वतः अंगणात पोतं टाकून पालथी झोपले. म्हटलं, पाहा, काही होत नाही. मान वळवून पाहते तो देविदासभाऊ माझ्याकडे पाठ करून, काठी टेकवून, फाटकाकडे तोंड करून उभे. मी झोपले की ते राखणीला उभे राहणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"तुम्ही गाढवाचं डोकं घेऊन आले भाऊ," मी कपडे झाडत म्हटलं.

"हाव बाई. पण पाठ उघडी होती तुमची."

सरावाच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी बाजरी दळत होते. शटरवर काठीचे फटके बसले. मी पट्टा थांबवला आणि मला भोंगा ऐकू आला. खालीवर, खालीवर. सराव उद्या होता. आज कोणी काही कळवलं नव्हतं.

मी बाहेर पळाले. गल्लीतले लोक प्लॉटकडे धावत होते, कारण शिकवलेली जागा तीच. नव्या भाडेकरणीने पोराला पोटाशी धरून जमिनीवर टाकून घेतलं. मी झोपले. रुमाल नव्हता, पदर दातात धरला. बोटं कानात घातली तरी भोंगा हाडातून येत होता. खडे कोपरात रुतले. पाठीवर ऊन पडलं होतं, आणि आता त्या उन्हातून काहीतरी खाली येणार, एवढंच मला सुचत होतं. माझी मुलगी पुण्याला शिकते. तिला सकाळी फोनवर मी विजेच्या बिलावरून बोलले होते. शेवटचं बोलणं ते झालं, असं वाटलं.

मी मान उचलली. देविदासभाऊ उभे होते. आम्हा सगळ्यांच्या मधोमध. हळूहळू गोल फिरत होते, आकाशाकडे पाहत. मी ओरडले, "भाऊ, झोपा." ऐकू गेलं नाही, किंवा ऐकलं नाही. तेव्हा मला त्यांचे पाय दिसले. धोतराखाली दोन्ही गुडघे लटपटत होते. काठी जमिनीवर टकटक वाजत होती. इतकी वर्षं मी समजत होते की हा माणूस हट्टी आहे. तो घाबरलेला होता. आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता आणि तरी उभा होता.

भोंगा सरळ झाला. मग थांबला. आकाशात काही नव्हतं. तो कोणी वाजवला, कशासाठी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. लोक उठले, एकमेकांकडे न पाहता माती झाडली आणि घरी गेले. शकीलभाईंनीही विनोद केला नाही.

मी देविदासभाऊंना चक्कीत आणून बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. मग चिडून बोलले. संगीताला शब्द दिला आहे म्हटलं. उद्या खरंच काही पडलं तर मी तिला काय तोंड दाखवू, म्हटलं. तुमच्या वाघाचं मला ऐकायचं नाही, म्हटलं.

ते पाणी प्याले. गिलास बाकावर ठेवला.

"बाई, मोहफुल वेचाले एकटं जात नाई आम्ही. जितके असतीन त्यातला एक उभा राह्यते. बाकीचे वेचते. पाळीनं. आज तुही पाळी, उद्या माही."

"बरं मग?"

"त्या दिवशी दोघंच होतो. माही पाळी होती उभी राह्याची. फुलं लय पडले होते, सडा होता सडा. थे म्हणे, आज लवकर घरी जाऊ. म्या म्हटलं, दोघं वेचू, जल्दी होईन." त्यांनी गिलास जरा सरकवला. "म्या टोपलीत फुलं टाकून राह्यलो होतो. आवाजबी नाई आला."

चक्कीत कोणी दळण घेऊन आलं. मी त्यांना नंतर या म्हटलं.

मला असल्या वेळी बोलता येत नाही. मी चक्कीच्या तोंडाशी सांडलेलं पीठ झाडू लागले. झाडता झाडता एक गोष्ट डोक्यात आली, तशी मी ती बोलून टाकली.

"पाळीनं म्हणता ना तुम्ही?"

"हाव."

"आज तुमची झाली. उद्या कोणाची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"उद्या माझी," मी म्हटलं. "उद्या मी उभी राह्यते. तुम्ही झोपायचं."

"बाईमाणसाची पाळी..."

"काऊन? तुमच्या गावात बाया उभ्या नाई राहत होत्या?"

"राहत होत्या," ते म्हणाले. "थे बी राहे. चांगली उभी राहे. नजर लय तेज तिची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी भोंगा झाला. साहेब शिट्टी घेऊन आला होता. गल्ली प्लॉटवर जमली आणि पालथी पडली. मी मधोमध उभी राहिले, हातात देविदासभाऊंची काठी. त्यांच्याकडे पाठ केली.

सराव आहे, हे माहीत होतं. तरी सांगते, भोंगा वाजत असताना, बाकी सगळे जमिनीला चिकटलेले असताना, एकट्याने उभं राहणं फार वाईट असतं. सगळं आकाश आपल्यावरच येतं. चिमण्यांचा धूरही अंगावर येतोय असं वाटतं. आपण किती उंच आहोत, हे मला त्या दिवशी कळलं. हा माणूस रोज, प्रत्येक झाडणाऱ्या बाईसाठी, हे करतो.

मागे काही हालचाल नव्हती. मी वळले नाही. राखणीला उभ्या राहणाऱ्याने मागे पाहायचं नसतं, तेवढं मी शिकले होते. मग भोंगा खाली उतरला तेव्हा सांधे कडकडल्याचा आवाज आला. एक गुडघा. थांबले. दुसरा. मग धाप, आणि हात जमिनीवर टेकल्याचा आवाज.

"बाई," खालून आवाज आला. "हाय ना तुम्ही?"

"हाय."

"झुडपाकडं बी पाहा मधात मधात. नुसतं वरच नोका पाहू."

प्लॉटच्या कडेला बेशरमाची चार झुडपं आहेत. मी तिकडे पाहिलं.

साहेब शिट्टी वाजवत धावत आला. "बाई, तुम्ही तर प्रमुख ना? तुम्हीच उभ्या?"

"माझी पाळी हाय," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. मी समजावलंही नाही. तो हातातल्या घड्याळाकडे पाहत दुसऱ्या टोकाला गेला. भोंगा सरळ एका सुरात वाजला आणि थांबला. लोक उठले. शकीलभाईंनी कोपरं चोळत खाली पाहिलं आणि गुपचूप बाजूला झाले. बायका निघाल्या. मी अजून तशीच उभी.

"भाऊ, झालं. उठा."

सांधे कडकडल्याचा आवाज आला नाही. तरी मी वळले नाही.

"देविदासभाऊ?"

"थांबा ना बाई जरासं," ते म्हणाले. आवाज जमिनीत तोंड असल्यासारखा येत होता. "लय दिवस झाले इतकं जवळून माती पाहून. खाली थंडी हाय."

चक्कीवर दळणं खोळंबली होती. ऊन चढू लागलं होतं. मी काठी नीट धरली, झुडपांकडे एकदा पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि उभी राहिले.